शिरःशूल, ट्रिप्टोफॅन आणि वैद्याची सावधता

नांदेड-लातूर परिसरातील शिरःशूलाचा रुग्ण अनेकदा प्रथम वैद्याकडे अथवा औषधी दुकानात येतो. त्यांतील क्वचित एखाद्याच्या मस्तकात ग्लायोब्लास्टोमा हे चौथ्या श्रेणीचे घातक अर्बुद वाढत असते.

ट्रिप्टोफॅन हे आहारातूनच मिळणारे अमिनो आम्ल. हायडेलबर्ग येथील संशोधकांनी २०११ साली दाखविले, की या अर्बुदाच्या पेशी टीडीओ नावाच्या एन्झाइमद्वारे त्याचे कायन्युरेनीन बनवितात. हे द्रव्य रोगप्रतिकारक पेशींना निष्प्रभ करते व अर्बुदाच्या वाढीस साहाय्य करते. म्हणूनच रोगनिदर्शक द्रव्य म्हणून त्याचा अभ्यास होत आहे. तथापि केवळ त्याच्या रक्तचाचणीवरून निदान होत नाही. त्यासाठी एमआरआय व बायोप्सी आवश्यक आहे. पथ्य म्हणून दूध-डाळी वर्ज्य करण्यासही या संशोधनाचा आधार नाही.

पहाटे वाढणारा व दिवसेंदिवस तीव्र होणारा शिरःशूल, उलट्या, प्रौढ वयात प्रथमच आलेले आक्षेप, बोलण्यातील अडखळ, एका बाजूच्या हातापायांचे दौर्बल्य, ही लक्षणे दिसताच शिरःशूलादिवज्र रसाची मात्रा वाढवीत बसू नये. रुग्णास विनाविलंब नांदेड वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे. वेदनाशामकासाठी वारंवार येणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनीही हेच सांगावे. या व्याधीत वाया गेलेले आठवडे भरून काढता येत नाहीत.