तेलाचे माप
मोटार बाळगणारा माणूस पेट्रोलचा हिशेब काटेकोर ठेवतो. इंजिनातील तेलाकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक हे माप घरीच घेता येते. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे व काही मिनिटे थांबावे, म्हणजे वर चढलेले तेल खाली चेंबरमध्ये उतरते. मग डिपस्टिक काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि काढून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये असावे. पुष्कळ गाड्यांत या खुणांमधला फरक सुमारे १ लिटरचा असतो; म्हणून भर घालायची ती थोडीथोडी, दर वेळी मोजून. तेल कमी पडले तर इंजिन जाम होते. पण जास्त झालेले तेलही घातकच. फिरता क्रँकशाफ्ट ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने वंगणाचे काम होत नाही.

ब्रेक ऑइलची पातळी उतरली, तर नुसती भर घालून भागत नाही. ब्रेकचे पॅड झिजले असतील किंवा कोठे गळती असेल. आणि गळती म्हणजे प्राणाशी गाठ. कूलंट पाहायचे ते इंजिन थंड असतानाच. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उसळते. पातळी का उतरली हे शोधणे, हाच मोजण्याचा खरा हेतू होय.