भिंगाने वाकावे!

'मोडेन, पण वाकणार नाही' हा बाणा आपल्याकडे तेजाचे लक्षण मानला जातो. डोळ्यात बसवावयाच्या भिंगाच्या बाबतीत मात्र वाकणे हाच मोठा गुण ठरला आहे. काच पारदर्शक असते, पण वाकत नाही. साधे रबर वाकते, पण त्यातून आरपार दिसत नाही. हे दोन्ही गुण एकत्र आणणाऱ्या लवचिक बहुवारिकांनी, म्हणजे पॉलिमरांनी, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे स्वरूप पालटून टाकले आहे.

पूर्वी मोतीबिंदू काढला की डोळा भिंगाविना राही आणि नाकावर सोडाबाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा चढे. दुसऱ्या महायुद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पर्स्पेक्सच्या छताचे कण घुसले, तरी डोळ्यांनी ते सहन केले. लंडनचे नेत्रशल्यविशारद हॅरल्ड रिडली यांनी हे हेरले व १९४९ साली त्याच जातीच्या द्रव्याचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसविले. ते स्वच्छ होते, पण कठीण. सहा मिलिमीटर व्यासाच्या भिंगाला छेदही जवळजवळ तेवढाच लागे. १९६७ साली अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची युक्ती काढली. तिला सुमारे तीन मिलिमीटरांचा छेद पुरे. पण भिंगासाठी तोच पुन्हा वाढवावा लागे. दार लहान झाले, पाहुणा मात्र होता तेवढाच राहिला!

ही अडचण सिलिकोन व मऊ ॲक्रिलिक यांनी सोडविली. त्यांतील रेणूंच्या लांब साखळ्या शरीराच्या उष्णतेत शिथिल असतात, म्हणून भिंग दुमडते. साखळ्यांना मधूनमधून पक्क्या गाठी असतात, म्हणून ते आत उलगडून मूळ आकार घेते. तो आकार हुबेहूब परत आला नाही, तर दृष्टी बिघडेल. शिवाय पदार्थाचा अपवर्तनांक जितका अधिक, तितके भिंग पातळ आणि घडी लहान. काही ॲक्रिलिकांत तो १.५५ पर्यंत जातो. छेद लहान राहिल्याने बहुधा टाका लागत नाही व जखम लवकर भरते.

म्हणूनच 'मोतीबिंदू पिकू द्या' हा घरोघरचा जुना सल्ला आता सोडावयास हवा. पिकलेला मोतीबिंदू अधिक कठीण होतो, तो फोडणे अवघड जाते आणि कधी डोळ्यातील दाबही वाढतो. वाट पाहण्यात शहाणपण नाही, धोका आहे.

राहिला प्रश्न पैशाचा. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ साली ऑरोलॅब स्थापून देशातच स्वस्त भिंगे घडविली आणि परदेशी भिंगांची महागाई अटळ नाही हे दाखवून दिले. कठीण भिंग टाकाऊ ठरले असे नव्हे. कुशल हाती तेही उत्तम दृष्टी देते. परंतु कोणते भिंग, का आणि किती किमतीला, हे शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगितलेच पाहिजे. आमच्या मते तो उपकार नसून रुग्णाचा हक्क आहे.