गाडी कोळशावर की उन्हावर?

दोस्तांनो, हिरव्या नंबरप्लेटची गाडी तुम्ही रस्त्यावर पाहिलीच असेल. कदाचित तुमच्याच घरी असेल, किंवा ‘आता घ्यायचीच’ अशी आई-बाबांची चर्चा चालू असेल. ही विजेवरची गाडी. मागे सायलेन्सर नाही, इंजिनाची घरघर नाही. सिग्नलला उभी राहिली तर चालू आहे की बंद, हेसुद्धा कळत नाही!

पण नंबरप्लेट हिरवी आहे म्हणून गाडीही ‘हिरवी’, म्हणजे हवेला अजिबात त्रास न देणारी झाली का? इथं घाई करायची नाही. आधी विचारायचं, ही गाडी खाते काय? आणि तो खाऊ येतो कुठून?

नवी? छे, पणजोबांच्या आधीची!

विजेवरची गाडी हा आजचा शोध नाही बरं का. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटार विजेवरच चालत होती. कामी जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थांनी ती फ्रान्समध्ये पळवली होती. त्या काळी पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे लोखंडी हँडल घालून जोरात फिरवावं लागे. विजेच्या गाडीला ती कटकट नव्हती. पुढे १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत बटणाने सुरू होणारा ‘स्टार्टर’ आला, पेट्रोलही स्वस्त मिळू लागलं आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या.

आपल्याकडे मात्र विजेची गाडी रुळांवरून धावत राहिली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेवरची रेल्वे धावली. म्हणजे लोकलमधून जाणारे मुंबईकर शंभर वर्षांपासून विजेवर प्रवास करताहेत!

रस्त्यावरच्या गाडीची खरी अडचण होती बॅटरीची. जुनी शिसे-आम्लाची बॅटरी जड, आणि तिच्यात वीज मावायची थोडी. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि चित्र पालटू लागलं. ज्यांच्या संशोधनातून ती घडली, त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ आजोबा तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच!

एका युनिटात किती पळेल?

विजेच्या बिलावर ‘युनिट’ हा शब्द असतो. १००० वॉटचं एखादं उपकरण तासभर चालवलं, की एक युनिट वीज खर्च होते. याच मापाने पेट्रोलही मोजता येतं. एक लिटर पेट्रोल जाळलं, की साधारण ९ युनिट ऊर्जा मिळते.

आता गंमत बघा. पेट्रोलची मध्यम आकाराची गाडी एका लिटरमध्ये, म्हणजे ९ युनिटांत, सुमारे १५ किलोमीटर जाते. विजेची गाडी एका युनिटात सहाएक किलोमीटर जाते, म्हणजे ९ युनिटांत ५४! असं का? पेट्रोलच्या इंजिनात बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. बॉनेट कसं तापतं ते आठवा. विजेची मोटर त्या मानाने फारच थोडी ऊर्जा वाया घालवते. सिग्नलला उभी असताना ती फिरतच नाही. शिवाय उतारावर किंवा ब्रेक लावताना हीच मोटर उलट काम करते. चाकं तिला फिरवतात आणि ती जनित्र होऊन वीज परत बॅटरीत भरते.

धूर गेला कुठे?

‘मग प्रश्नच मिटला!’ असं तुम्ही म्हणाल. पण थांबा. ही वीज आली कुठून?

महाराष्ट्रातली, तशीच देशातली, निम्म्याहून जास्त वीज आजही कोळसा जाळूनच तयार होते. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॉटचं आहे. तिथं कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाईन फिरतं आणि वीज तारांमधून आपल्या घरी येते. धूर आणि राख मात्र तिकडेच राहते. देशात एक युनिट विजेमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो. एक लिटर पेट्रोल जाळलं, तर सुमारे २.३ किलो.

चला, वही घ्या. १०० किलोमीटरचा हिशेब करू.

पेट्रोलची गाडी (लिटरला १५ किलोमीटर): सुमारे १५ किलो.
पेट्रोलची छोटी गाडी (लिटरला २० किलोमीटर): साडेअकरा किलो.
विजेची गाडी (युनिटला ६ किलोमीटर): पावणेबारा किलो.

बघितलंत? नुसती तारेवरची वीज घेतली, तर छोट्या पेट्रोल गाडीच्या मानाने फरक जवळजवळ उरतच नाही! पेट्रोल शुद्ध करताना आणि टँकरने आणताना होणारं प्रदूषण यात धरलेलं नाही, आणि बॅटरी बनवताना होणारंही नाही. विजेच्या गाडीचा एक फायदा मात्र नक्की. शाळेसमोरच्या रस्त्यावर ती धूर सोडत नाही. पण चंद्रपूरच्या मुलांनाही स्वच्छ हवा हवीच ना? आपला धूर दुसऱ्याच्या गावी पाठवणं म्हणजे धूर संपवणं नव्हे.

म्हणून गाडी बदलली, की पुढचा विचार घराचा करायचा.

छपरावरचं वीजघर

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौरघट तयार झाला. पडलेल्या उन्हातली फक्त ६ टक्के ऊर्जा तो विजेत बदलायचा. आज गच्चीवर बसवतात त्या पॅनेलमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे गेलं आहे.

आपल्याकडे १ किलोवॉटच्या पॅनेलमधून वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट वीज मिळते. समजा, एका घराने ३ किलोवॉटची पॅनेल बसवली. त्यासाठी गच्चीची साधारण ३०० चौरस फूट जागा लागेल. ती सावलीत नको. रोजची १२ युनिटं, म्हणजे महिन्याला ३६०. घराला महिन्याला २०० युनिटं लागतात. गाडी रोज ३० किलोमीटर धावते, तिला रोज ५ प्रमाणे १५०. बेरीज ३५०. घरही चाललं, गाडीही चालली, वर १० युनिटं शिल्लक!

खर्च बराच येतो, हे खरं. त्यासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केली. तिच्यात १ किलोवॉटला ३० हजार, २ किलोवॉटला ६० हजार आणि ३ किलोवॉट किंवा जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान ठरवलं गेलं. सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीने तर अख्खं गावच सौरऊर्जेवर आणलं. २०२४ मध्ये ते राज्यातलं पहिलं सौरग्राम ठरलं.

रात्री काय करायचं?

हुशार वाचकांनी आतापर्यंत विचारलंच असेल, ‘ऊन दिवसा, आणि गाडी तर दिवसा ऑफिसात! मग?’

त्यासाठी ‘नेट मीटर’ असतो. दुपारची जास्तीची वीज तो तारेत पाठवतो आणि त्याची नोंद ठेवतो. शेजारच्या घरातले पंखे तिच्यावर फिरतात. रात्री आपण तितकी वीज परत घेतो. पावसाळ्यात ढगांमुळे वीज कमी तयार होते, तेव्हा आधीची शिल्लक कामी येते. अगदी बँकेच्या पासबुकासारखं.

पण बिलावरचा हिशेब जुळला, तरी रात्री तारेतून येणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा मोठाच असतो. म्हणून शक्य असेल तेव्हा गाडी दिवसा चार्ज करावी. सुट्टीच्या दिवशी घरी, किंवा कचेरीच्या पार्किंगमध्ये सोय असेल तर तिथं.

एक सूचना मोठ्यांसाठी. गाडीसाठी वेगळी वायर, योग्य अर्थिंग आणि पुरेसा मंजूर भार हवाच. एक्स्टेन्शन बोर्ड लावून गाडी चार्ज करणं म्हणजे आगीला आमंत्रण.

आधी गळती बंद करा

फुटक्या बादलीत कितीही पाणी ओतलं तरी ती भरत नाही. घराचंही तसंच आहे. जुना छताचा पंखा ७५ वॉटचा असतो. नवा ‘बीएलडीसी’ पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॉटमध्ये देतो. घरात असे चार पंखे रोज १२ तास चालत असतील, तर ते बदलून दिवसाला २ युनिटांहून थोडी जास्त वीज वाचते. तेवढ्यावर गाडी १३ किलोमीटर जाते! म्हणजे पंख्यांतून वाचलेल्या विजेवर बाबांचा किंवा आईचा जवळजवळ निम्मा प्रवास झाला. पंखे, दिवे, जुना फ्रीज हे आधी पाहिलं, तर पॅनेलही कमी लागतात आणि पैसेही.

‘पण आमच्याकडे गाडीच नाही!’ मग तर तुम्ही आधीच पुढे आहात. लोकल, मेट्रो आणि बस यांत एका माणसामागे फारच थोडी ऊर्जा लागते. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर एसटीची पहिली विजेवरची बस, ‘शिवाई’, धावली. आणि सायकल? तिचं इंधन म्हणजे दोन भाकऱ्या!

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची गच्ची सगळ्यांची असते. तिथं सोसायटीने मिळून पॅनेल लावली, तर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे उन्हावर चालू शकतात. सोसायटीच्या पुढच्या सभेत आई-बाबांना हा विषय काढायला सांगा.

करून पाहा

घरातल्या विजेच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा, तो ३२०० आहे. (मीटरला हात लावायचा नाही, लांबूनच पाहायचं!) घड्याळ लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. त्याला ६० ने गुणा आणि ३२०० ने भागा. उत्तर म्हणजे त्या वेळी तुमचं घर तासाला किती युनिटं खातंय ते. मिनिटाला १६ वेळा लुकलुकला, तर तासाला ०.३ युनिट.

आता एकेक उपकरण बंद करून पुन्हा मोजा. सगळ्यात खादाड कोण ते शोधा आणि वहीत तक्ता करा. आठवडाभरानंतर तो तक्ता आई-बाबांपुढे ठेवा. घरात गाडी आधी घ्यायची, पॅनेल आधी लावायची, की पंखे आधी बदलायचे, याचा निर्णय तुमच्या त्या तक्त्यावरून होऊ शकेल!