लहरींची शेजपाळी

नांदेड शहराच्या दक्षिणेस, गोदावरीकांठीं, विष्णुपुरी आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, श्री गुरु गोविंदसिंगजी यांच्या नांवाची अभियांत्रिकी संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय, हीं सारीं या एकाच परिसरांत आहेत. दिवस मावळला म्हणजे वसतिगृहांतील विद्यार्थी व्हिडिओ पाहूं लागतात. त्याच वेळीं रुग्णालयाबाहेर बसलेला एखादा नातलग रोग्याची प्रकृति गांवीं कळविण्याची खटपट करीत असतो. दोघांच्या हातीं स्मार्टफोन आणि दोघांचा टॉवर एकच. फोनवर रेघा पुऱ्या दिसतात, तरी निरोप कांहीं पुढें सरकत नाहीं. असें कां व्हावें?

त्या रेघा टॉवरची हांक किती जोरानें ऐकूं येते, एवढेंच सांगतात. टॉवरपाशीं रांग केवढी लागली आहे, तें त्या सांगत नाहींत. प्रत्येक मोबाइल कंपनीकडे रेडिओ लहरींचा ठराविक पट्टा असतो. मागणी कितीही वाढली तरी तो पट्टा आपोआप रुंद होत नाहीं. विष्णुपुरीकरांस ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. तेथील बंधाऱ्यांत अडविलेलें गोदावरीचें पाणी उपसून शेतांना द्यावयाचें आणि नांदेड शहराची तहानही त्यावरच भागवावयाची. पाणी मनास येईल तसें वाढवितां येत नाहीं. शहाणपणानें वाटतां मात्र येतें.

महाराष्ट्रांतील कालव्यांवर या वाटणीसाठीं शेजपाळीची पद्धत रुजली. शेजारच्या शेतांनीं ओळीनें पाणी घ्यावें आणि पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करून मुखाकडे आणावी, असा तिचा दंडक आहे. टॉवरवरील यंत्रही पाळीच लावीत असतें. परंतु तिचा वेग विलक्षण असतो. चौथ्या पिढीच्या, म्हणजे फोर-जीच्या, २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्याचे १०० तुकडे पाडलेले असतात आणि कोणता तुकडा कोणाच्या फोनला द्यावयाचा, याचा निर्णय सेकंदाच्या दर हजाराव्या भागास नव्यानें होतो. वापरणाऱ्यास मात्र आपल्याला अखंड धार मिळत आहे, असेंच वाटतें.

या वाटणींत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. टॉवरच्या जवळ असलेल्या फोनला हांक स्वच्छ ऐकूं येते. म्हणून एकेका संकेतांत माहितीचे आठ कण भरून पाठवितां येतात. दूरच्या फोनला, किंवा जाड भिंतीआड असलेल्या फोनला, दोनच कण धाडावे लागतात. म्हणजे एकच चित्र पाठवावयाचें, तर दूरच्या माणसासाठीं पट्ट्याची जागा चौपट, किंबहुना त्याहूनही अधिक लागते. केवळ एकूण माहिती जास्तींत जास्त जावी, एवढाच हिशेब धरला, तर जवळच्यांनाच सारें देणें फायद्याचें ठरेल आणि दूरचा माणूस कोरडा राहील. सर्वांना सारखाच वेग द्यावा म्हटलें, तर दूरच्या थोड्या लोकांपायीं सर्वांचाच वेग मंदावेल.

यावर अभियंत्यांनीं मधला मार्ग काढला आहे. या क्षणीं फोनला किती वेग मिळूं शकेल आणि आतांपर्यंत त्याला सरासरी किती मिळाला, या दोहोंचें प्रमाण यंत्र पाहतें. ज्याच्या पदरीं आजवर कमी पडलें, त्याचा हक्क क्षणाक्षणानें वाढत जातो आणि शेवटीं त्याची पाळी येतेच. शिवाय संभाषणास व्हिडिओच्या आधीं वाट मिळते. कारण चित्र क्षणभर थांबलें तर चालतें, परंतु बोलणें तुटलें कीं अर्थच हरपतो.

वाटणीनेंही भागेनासें झालें, म्हणजे त्याच लहरी पुन्हां वापरण्याचा उपाय उरतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डी. एच. रिंग यांनीं १९४७ सालींच ही कल्पना मांडून ठेविली होती. प्रदेशाचे लहान लहान कोठे पाडावे आणि एका कोठ्यांतील लहरी दूरच्या कोठ्यांत पुन्हां उपयोगांत आणाव्या, असें तिचें सार. कोठे जितके लहान, तितकीं एका टॉवरपाशीं माणसें कमी. गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीस २००८ सालीं नांदेडांत लाखों यात्रेकरू लोटले होते. तसल्या मेळ्यांच्या ठिकाणीं कायमचे टॉवर पुरत नाहींत. म्हणून वाहनांवर उभारलेले तात्पुरते टॉवर आणून कंपन्या जादा कोठे निर्माण करतात.

भारतांत १ ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेल्या पांचव्या पिढीनें याच कल्पनेचें पुढचें पाऊल टाकलें. तिच्या कांहीं टॉवरांवर ३२ किंवा ६४ लहान आकाशकांचा संच असतो. तो लहरींचे झोत निरनिराळ्या दिशांना रोखतो. त्यामुळें एकाच वेळीं, एकाच पट्ट्यावर, अनेकांची सोय लागते. मात्र यासाठीं वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी भिंतींत लवकर क्षीण होतात. दूरच्या वाडीवस्तीस ७०० मेगाहर्ट्झसारख्या लांब पल्ल्याच्या लहरीच अधिक उपयोगी. टॉवरच्या मागची प्रकाशतंतूची वाहिनी अपुरी असेल, तर पुढची ही सारी सिद्धता वायां जाते, हेंही ध्यानांत ठेवावें लागतें.

गर्दींत सांपडलेल्याच्या हातींही कांहीं उपाय असतात. अक्षरी निरोपाला जागा अगदीं थोडी लागते; तो पुष्कळदां पोंचतो, मोठें चित्र अडकून पडतें. जेथें वाय-फाय आहे, तेथें व्हिडिओ त्यावर पाहिला, तर टॉवरची तेवढी जागा दुसऱ्यास मोकळी होते. वसतिगृहांतील एका विद्यार्थ्यानें एवढें केलें, तरी रुग्णालयाबाहेरच्या नातलगाचा निरोप थोडा लवकर निघेल.

कंपन्यांच्या जाहिराती सर्वांत अधिक वेगाचा आंकडा सांगतात. तो बहुधा टॉवरजवळच्या भाग्यवंताचा असतो. कालव्याची परीक्षा मुखाशीं होत नसते. शेवटच्या शेतांत पाणी पोंचलें कीं नाहीं, यावरून ती होते. लहरींच्या कालव्यालाही हीच कसोटी लावावयास हवी.