वाहनतळावरील ‘दंड’

पौडहून आजारी वडिलांना घेऊन कोणी पुण्याच्या रुग्णालयांत आला आहे, अशी कल्पना करा. परततांना वाहनतळाची चिठ्ठी सांपडत नाहीं. ठेकेदाराचा माणूस ५०० रुपये ‘दंड’ मागतो. भांडण्याचें त्राण नसतें. पैसे देऊन तो निघून जातो.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. दंड करण्याचा अधिकार कायद्यानें नेमलेल्या अधिकाऱ्याचा. ठेकेदाराची मागणी केवळ करारावर उभी असते. १८७२ च्या करार कायद्याचें ७४ वें कलम सांगतें कीं, करारभंगाबद्दल रक्कम आधींच ठरलेली असली, तरी मिळावयाची ती वाजवी भरपाई. ठरलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा. मग चिठ्ठी हरवल्यानें ठेकेदाराचें नुकसान तें किती झालें?

म्हणून पैसे देतांना पावती मागावी. ती न देणें ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें अनुचित व्यापारी प्रथा होय. दरफलकाचें छायाचित्र घ्यावें, केसपेपर जपावा आणि प्रथम रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार करावी. दाद न लागल्यास २ वर्षांच्या आंत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातां येतें. मुळशीकरांसाठीं तो पुण्यांतच आहे. वकील देणें सक्तीचें नाहीं; सेवेचें मूल्य ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही नाहीं. निकाल अमान्य असल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करावें.

रक्कम लहान खरी. परंतु सारेच ती मुकाट्यानें देतात, म्हणूनच तिचा रिवाज होतो. आपला अर्ज उद्यां दुसऱ्या कोणा आजाऱ्याच्या माणसांस उपयोगी पडेल.