दीपवृक्ष आणि दोन जैतून

बायबलमधील संदेष्ट्यांच्या, म्हणजे ईश्वराचा निरोप लोकांपर्यंत पोहोचवणाऱ्या द्रष्ट्या पुरुषांच्या, वाणीत दिवा वारंवार येतो. मात्र त्यांची नजर ज्योतीपेक्षा तिच्यामागच्या तेलाकडे अधिक असते, आणि ते तेल कुठून येते याचा विचार केल्याशिवाय या प्रतीकाचा अर्थ पुरता उलगडत नाही.

प्राचीन इस्राएलातील घरचा दिवा म्हणजे काठ एका बाजूला चिमटून वातीसाठी चोच काढलेली मातीची उथळ बशी असे. तिच्यात जैतुनाचे तेल आणि जवसाच्या धाग्याची वात घालत. दिवा तेवतो आहे म्हणजे घर नांदते आहे, हा संकेत इतका रूढ होता की बाबेलच्या स्वारीचे भाकीत करताना यिर्मया संदेष्ट्याने जात्याची घरघर आणि दिव्याचा उजेड एकाच दमात नाहीसे होतील असे सांगितले, आणि गाव उजाड होणे म्हणजे काय, हे श्रोत्यांना निराळे समजावून सांगण्याची गरज राहिली नाही. दावीद राजाचे घराणे टिकवण्याच्या वचनालाही राजांच्या इतिहासात यरुशलेमेतील दिवाच म्हटले आहे. मराठी घरांतला ‘वंशाचा दिवा’ याहून फार दूरचा नाही.

उपासनास्थानातील दिव्याचे वर्णन निर्गमाच्या पुस्तकात बारकाईने येते. मधला दांडा, दोन्ही बाजूंना तीन तीन शाखा, त्यांवर बदामाच्या फुलांसारख्या वाट्या, आणि हे सगळे एक किक्कार, म्हणजे साधारण 30 ते 35 किलो, शुद्ध सोने ठोकून घडवलेले. म्हणूनच त्याला दीपवृक्ष हे नाव शोभते. त्यासाठी कुटून काढलेले निर्मळ तेल लोकांनी आणायचे आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत दिव्यांची निगा याजकांनी, म्हणजे पुरोहितांनी, राखायची असा नियम होता. कोकणात एकेकाळी तेलाच्या घाण्यावर पोट भरणाऱ्या आणि शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, पाळण्यासाठी शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएल या यहुदी समाजाला शेजाऱ्यांनी ‘शनिवार तेली’ म्हणावे, हा योगायोग येथे नोंदवण्याजोगा आहे.

लोकांनी तेल आणायचे आणि याजकांनी वाती सारायच्या, ही व्यवस्था जखऱ्या संदेष्ट्याच्या दृष्टान्तात पार बदलून जाते, आणि या विषयातील सर्वांत समृद्ध प्रतिमा तीच होय. बाबेलच्या सैन्याने इ.स.पू. 586 च्या सुमारास यरुशलेमेचे मंदिर जमीनदोस्त केले होते. बंदिवासातून परतलेल्या मूठभर लोकांनी त्याची पुनर्बांधणी आरंभिली, परंतु काम रखडले. अशा वेळी, इराणच्या दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 519 च्या आसपास, जखऱ्याला सोन्याचा दीपवृक्ष दिसतो: माथ्यावर तेलाचे भांडे, त्याखाली सात दिवे, दिव्यांना जोडलेल्या नळ्या आणि उजवी-डावीकडे जैतुनाचे दोन वृक्ष, ज्यांच्यातून तेल आपोआप वाहते आहे. हे काय आहे, असे तो देवदूताला पुन्हा पुन्हा विचारतो; उत्तर मिळते ते प्रांताचा अधिकारी जरूब्बाबेल याच्यासाठी, आणि त्याचा आशय असा की हे काम सैन्याच्या किंवा मनुष्यबळाच्या जोरावर नव्हे, तर ईश्वराच्या आत्म्याने तडीस जाईल. ज्यांच्याजवळ सैन्य नव्हते, राजा नव्हता आणि पैसाही बेताचाच होता, त्यांना घाण्यावाचून आणि पुरोहितावाचून झाडातूनच येणारे तेल दाखवणे, याहून नेमका दिलासा क्वचितच कोणी दिला असेल. दोन वृक्ष म्हणजे जरूब्बाबेल आणि महायाजक यहोशवा, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. मंदिर दारयावेशाच्या सहाव्या वर्षी पुरे झाले.

हाच भाग हनुक्का या दीपोत्सवातील शब्बाथला सभास्थानांत आजही वाचला जातो. मंदिरातील दीपवृक्ष इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने लुटून नेला आणि तो वाहून नेणारी मिरवणूक रोममधील टायटसच्या कमानीवर कोरलेली आहे. 1949 मध्ये इस्राएलने राजचिन्ह स्वीकारले तेव्हा त्याच शिल्पातील आकृती घेऊन तिच्या दोन्ही बाजूंना जैतुनाच्या डहाळ्या घातल्या.

प्रकाश नेहमी सुखाचाच असतो असे मात्र संदेष्टे मानत नाहीत. यशयाच्या सेवकगीतात ईश्वराचा सेवक मिणमिणती वातही विझवत नाही, तर सफन्याच्या ग्रंथात ईश्वर स्वतः दिवे घेऊन यरुशलेमेचा कानाकोपरा धुंडाळतो आणि निर्धास्त बसलेल्यांना बाहेर काढतो.

नव्या करारातील शेवटचे पुस्तक म्हणजे पात्म बेटावर दिसलेल्या दृष्टान्तांचे ‘प्रकटीकरण’. तेथे योहानाला सोन्याच्या सात समया दिसतात, आणि त्या आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातील सात मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती समुदाय, असल्याचे त्याला सांगितले जाते. निर्गमातील एका झाडाच्या सात शाखांऐवजी येथे सात स्वतंत्र समया आहेत, त्यामुळे एखादी एकटीच हलवली जाऊ शकते. पहिली प्रीती सोडलेल्या इफिसच्या मंडळीला नेमका हाच इशारा मिळतो. पुढे इफिसचे बंदर गाळाने भरले आणि शहर ओस पडले, याकडे भाकिताचा पुरावा म्हणून बोट दाखवले जाते. परंतु इशारा मंडळीला होता, बंदराला नव्हे, आणि तो तसाच वाचणे रास्त आहे. अकराव्या अध्यायात जखऱ्याचे दोन जैतून दोन साक्षीदार होऊन परततात, तर अठराव्यात जाते आणि दिवा यांचा यिर्मयाचा शाप जुलमी बाबेलवरच उलटतो, आणि हे बाबेल म्हणजे रोम असे बहुतेक अभ्यासक मानतात.

प्रकटीकरणाच्या शेवटी येणाऱ्या नव्या यरुशलेमेचे चित्र योहानाने यशयाच्या साठाव्या अध्यायावरून घेतले आहे. यशयाने सूर्य आणि चंद्र यांचीच गरज संपवली होती. योहान मात्र आधी कोकऱ्याला, म्हणजे ख्रिस्ताला, त्या नगराचा दीप म्हणतो आणि पुढच्याच अध्यायात तेथे रात्र उरणार नसल्याने दिव्याचीही गरज पडणार नाही, असे लिहितो.