रिक्तिकेची बदनामी

तंतुकणिकांना अजून आठवडाभर थांबावं लागणार. मागच्या वेळचा कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग बऱ्याच घरांत झालेला दिसतो, आणि एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी नेमकं बोट ठेवलंय : गालाच्या पेशीत केंद्रक साधारण मध्यावर दिसलं, कांद्यात मात्र ते भिंतीला चिकटून, अंग चोरून बसलेलं. असं का?

बाई, ते आपणहून कडेला गेलेलं नाही. त्याला ढकललंय. ढकलणारी पाण्यासारखी नितळ, म्हणून नजरेतून सुटते. ती रिक्तिका. पूर्ण वाढलेल्या वनस्पतीपेशीतली 80 ते 90 टक्के जागा ती एकटी अडवून बसू शकते. पेशीद्रव, केंद्रक आणि बाकीचा संसार मग भिंतीलगतच्या चिंचोळ्या पट्टीत. प्राणीपेशीत रिक्तिका असल्या तरी चिमुकल्या.

या नावावर माझा जुना राग आहे. आत काही दिसेना म्हणून युरोपात तिला 'रिकामी' अशा अर्थाचं नाव पडलं, आणि आपण ते इमानेइतबारे मराठीत आणलं. मला विचाराल तर ती घरातली कोठी आहे. लिंबाचा आंबटपणा तिच्यातच असतो. लिंबाच्या रसाचा सामू 2 च्या आसपास आणि त्याच पेशीतल्या पेशीद्रवाचा 7 च्या जवळपास; म्हणजे आम्लतेत लाखपटींचा फरक, मध्ये फक्त एक पातळ पटल!

लाल कांद्याचा जांभळा रंगही कोठीतलाच. त्या रंगीत पापुद्र्याचा तुकडा काचपट्टीवर ठेवा आणि मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडा. जांभळा गोळा भिंत सोडून आत आकसत जातो. मग मीठ धुऊन साधं पाणी घाला, तो पुन्हा फुगून भिंतीला टेकतो. हे मी कितीदा पाहिलंय याची गणती नाही, आणि अजून कंटाळा आलेला नाही. कोशिंबिरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं ते यामुळेच. साध्या पाण्यात पेशी फुटत नाही, कारण बाहेरून पेशीभित्तिका आवळून धरते. रक्तातली तांबडी पेशी नुसत्या पाण्यात टाकली तर फुगून फुटते. तिला भिंतच नाही. शिरेतून चढवायच्या सलाईनमध्ये 0.9 टक्के मीठ असतं ते त्यासाठीच.

आता कांदा चिरताना रडू का येतं ते सांगायलाच हवं, कारण तो या कोठीचाच प्रताप. कांद्याच्या पेशीद्रवात गंधकाची संयुगं असतात आणि त्यांना फोडणारं विकर रिक्तिकेत बंद. अख्खा कांदा हातात घ्या, तो साळसूद. सुरी फिरली की कोठी फुटते, दोघांची गाठ पडते. त्यातून जे निपजतं त्यावर दुसरं एक विकर काम करतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. या दुसऱ्या विकराचा पत्ता जपानी संशोधकांनी लावला तो थेट 2002 साली; तोवर सगळा आळ पहिल्यावरच होता. वाटणासाठी अख्खा कांदा विस्तवावर भाजला की तो कापताना कुणी रडत नाही, कारण कोठी फुटण्याआधीच विकरं उष्णतेने निकामी झालेली असतात. धार नसलेल्या सुरीने मात्र जास्त पेशी चिरडतात, म्हणून आमच्या घरी सुरीला धार लावण्याचं काम मी आपणहून पत्करलंय.

पुढच्या आठवड्यात तंतुकणिका. पण टेबलावर अळूबद्दलचं एक पत्रही पडलंय. घसा खवखवतो तो ज्या सुयांच्या जुडग्यांनी, त्याही रिक्तिकेतच सापडतात, तेव्हा बघू.